रुसलेल्या जावयाचं इन्सुलिन

मु. पो. कुरुंदा, वैशाखातला सोमवार

शिरड शहापूरच्या कृषी केंद्राचे मालक आणि आमचे एकुलते एक साडूभाऊ प्रेमानंदराव यांना कुरुंद्याहून किसनरावाचा रामराम. इकडे मी, तुमची थोरली मेव्हणी प्रयाग आणि गोठ्यातली म्हैस, सगळे खुशाल आहोत. ‘तिकडेही सगळे खुशाल असतील’ असं पुढे लिहायची रीत आहे, पण माझ्या धाकट्या मेव्हणीकडून, म्हणजे तुमच्या मिनाकडून, खरी हकीकत कळल्यामुळे ते वाक्य या खेपेला लिहवत नाही. राग नसावा. (आलाच तर पत्र संपेपर्यंत दाबून धरावा. रागाने माणसाचं काय होतं, तेच पुढे सांगायचं आहे.)

आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण असं, की फोनवर माझ्या तोंडून ‘इन्सुलिन’ हा शब्द निघाला रे निघाला की शिरड शहापुरातली रेंज जाते. चार वेळा गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, तर तुम्ही हात जोडलेलं चित्र पाठवून मोकळे झालात. डॉक्टरांनी तुम्हाला इन्सुलिन लिहून दिलं आहे, ते तुम्ही घेत नाही, आणि सकाळी उठून कारल्याचा रस पिता, हे मला ठाऊक आहे. पण काळजी करू नका, त्याबद्दल या पत्रात मी अवाक्षर काढणार नाही. तुमचं अंग, तुमची साखर. हे पत्र निव्वळ माझ्या अब्रूसाठी आहे. आपल्या मेव्हण्याच्या, म्हणजे नागनाथच्या मुलीच्या लग्नाला तुम्ही खताची गाडी यायची आहे म्हणून आला नाहीत, त्यामुळे तिथे काय घडलं ते तुमच्यापर्यंत लोकांच्या तोंडून पोचलं. किसनराव शेळीशी भांडले आणि तिच्या पुढ्यातल्या बुंदीला हात घातला, असं शिरडच्या बसस्टँडवर बोललं जातं म्हणे. यातलं निम्मं खोटं आहे. मी भांडलो नव्हतो.

आता शेळीपर्यंत पोचायचं तर आधी माझ्या दोन पेनांची ओळख करून द्यावी लागेल. (लिहायची पेनं नव्हेत, पण दिसायला तशीच. टोपण काढायचं, सुई लावायची, बूड फिरवून आकडा आणायचा. सुई इतकी बारीक की पहिल्या दिवशी मी टोचून झाल्यावरही डोळे मिटून वाट पाहत होतो.) वसमतच्या डॉक्टरीण बाईंनी मला दोन प्रकारचं इन्सुलिन दिलं आहे. एक लांब पल्ल्याचं आणि एक झटपट. बाईंनी पुष्कळ समजावलं, कागदावर डोंगर आणि माळ काढून दाखवले, मी मान डोलावत राहिलो आणि बाहेर येऊन आपल्या भाषेत लावून घेतलं. लांब पल्ल्याचं म्हणजे सालगडी. त्याला रोज एकदा, ठरल्या वेळी, हजेरी द्यायची. मी रात्री झोपताना देतो. मग तो दिवसरात्र संथपणे राबतो. तुम्ही जेवा, नका जेवू, शेतात पीक असो नसो, त्याचं बारीकसारीक काम चालूच. कारण साखर नुसती ताटातून येत नाही, आपलं लिव्हर आतल्या आतही सोडत असतं, आणि तिच्याकडे बघायला घरचा माणूस लागतो. एक दिवस जेवण कमी झालं म्हणून सालगड्याला आपल्या मनाने घरी बसवायचं नसतं. तसं काही वाटलं तर डॉक्टरांना विचारायचं.

झटपट म्हणजे हळद काढायला येणारी गुत्त्याची, म्हणजे ठेक्याची, टोळी. बोलावली की पाव तासाच्या आत शेतात हजर, तास-दोन तास नुसता धुमाकूळ, आणि तीन-चार तासांत काम उरकून पसार. ही टोळी जेवणापुरती. ताट समोर आलं की बोलवायची, आणि बोलावली की तिला काम द्यायचं, म्हणजे जेवायचं. टोळी आली आणि शेतात कामच नसेल, तर ती बांधावर विड्या ओढत बसत नाही. दिसेल ते उपटते. म्हणजे रक्तात जी आपल्या चालण्याबोलण्यापुरती साखर असते, तीच उपटते. मग माणूस माणसात राहत नाही.

आमचे शेजारी खाजा मिया शिलाईवाले यांचं तिसरंच आहे. त्यांना सालगडी आणि टोळी एकाच पेनात मिसळून दिलेली आहे. ते दुधासारखं गढूळ दिसतं. टोचण्याआधी दोन्ही तळव्यांत हलकेच घोळवायचं, खळखळ हलवायचं नाही. सकाळी आणि संध्याकाळी, जेवणाच्या अर्धा तास आधी. त्यामुळे खाजा मियांचं जेवण घड्याळावर, आणि फातिमाबी त्यांना अर्धा तास आधी हाक मारतात. (जुन्या पद्धतीचं एक साधं, पाण्यासारखं इन्सुलिनही असतं, तेही अर्धा तास आधीचं.) माझं लागू झालं तेव्हा मीही खाजा मियांचं बघून अर्धा तास आधी टोचायला लागलो होतो. प्रयागची भाकरी थापायची बाकी, आणि माझी टोळी कुदळी घेऊन उभी. दोनदा घाम फुटला, तेव्हा बाईंनी झापलं, की प्रत्येकाचं इन्सुलिन वेगळं, त्याची वेळ वेगळी, शेजाऱ्याचं बघून घ्यायला ही काय फवारणी आहे? तेव्हापासून माझा नियम पक्का झाला. ताट वाढून समोर आल्याशिवाय टोळीला हाक नाही.

लग्नातही मी हा नियम शंभर टक्के पाळला, हे तुम्ही ध्यानात घ्या. चूक नियमात नव्हती. चूक अशा ठिकाणी निघाली जिथे डॉक्टरांच्या बापानेही बघितलं नसतं.

तुम्हाला माझं रुसणं माहीत आहे. नागनाथच्या घरचा मी थोरला जावई. त्या घरात कार्य निघालं आणि मी रुसलो नाही, असं कधी झालेलं नाही. तो माझा हक्क आहे, आणि खरं सांगायचं तर लोक त्याची वाट बघतात. तिथे रीत ठरलेली आहे. जावयाने ताटावरून उठायचं, समोरच्या चिंचेखाली पाठ करून बसायचं. मग पहिली विनवणी बायकांची, तिला मान द्यायचा नाही. दुसरी गावच्या चार शहाण्यांची, तिला हूं म्हणायचं पण हलायचं नाही. तिसरी खुद्द नागनाथची, हातात पाण्याचा तांब्या आणि फेटा घेऊन. तिसरीला उठायचं. त्याआधी उठला तो जावई कसला? आणि या सगळ्यात त्या घरच्या लेकीने, म्हणजे आमच्या प्रयागने, मधे पडायचं नाही. तिने एकीकडे भावाची आणि एकीकडे नवऱ्याची बाजू धरून गप्प बसायचं. नागनाथच्या बहिणीच्या, म्हणजे तुमच्याच लग्नात, मी अक्षता पडल्यापासून दिवेलागणीपर्यंत रुसलो होतो. तुम्ही बोहल्यावर होतात, तुमच्या लक्षात आलं नसेल.

तर नागनाथच्या गावी, नरसीजवळ, मांडव पडलेला. मुहूर्त साडेबाराचा, म्हणजे लग्न अडीचला लागलं. तोवर पोटात कावळे नव्हे, अख्खी टोळधाड. पंगत बसली. ताट आलं, वरण आलं, भात आला, बुंदी आली, पोळी आली. मी चारी बाजूंनी खात्री केली, मग सदऱ्याचा कोपरा उचलून पोटाला पेन लावलं. (शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं मी जेवणासाठी करदोटा सैल करतो आहे. त्यानेही आपला केला.) टोळी शेतात शिरली. घास उचलला. आणि तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, की पंगत जरा थांबवावी, मानकऱ्यांना फेटे बांधायचे राहिले आहेत.

पहिला फेटा पंचायत समितीच्या एका माजी सभापतीला. ठीक. दुसरा त्यांच्या ड्रायव्हरला. मी घास खाली ठेवला. तिसरा, चौथा, पाचवा असे कुणाकुणाला, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर फेटे संपले. मला टॉवेल आणि टोपी दिली, प्रेमानंदराव. टोपी सुद्धा लेकराच्या मापाची.

आता इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? टोपी खिशात घालून बुंदी खाल्ली असती. पण इतक्या वर्षांची सवय. पायांनीच निर्णय घेतला. मी ताट सरकवलं, उठलो, आणि चिंचेखाली पाठ करून बसलो. बसल्यावर पाठीमागे ‘दाजी रुसले, दाजी रुसले’ असा समाधानाचा गलका झाला, आणि नेमकं त्याच क्षणी मला आठवलं की टोळी आत आहे.

पहिली विनवणी आली तेव्हा अजून वेळ होती. बायका आल्या, नवरीची आई म्हणाली, “काहून रुसता दाजी, चुकलं आमचं, चला बरं जेवायला.” माझं पोट हो म्हणालं, पण तोंडातून सवयीने निघालं, “न्हाई म्हंजे न्हाई!” आणि बायका रीतीप्रमाणे खुशाल परत गेल्या. पहिल्याच हाकेला उठलो असतो तर माझी आयुष्यभराची किंमत जात होती. मी बसून हिशोब केला, की दुसरी विनवणी येईल, तिसरी येईल, सगळं भराभर उरकलं तर जमेल.

भराभर काय उरकतं? दुसऱ्या विनवणीला चार शहाणे आले आणि खाली बैठक मारून मानपान या विषयावर बोलायला लागले. एकाने आपल्या आजाच्या लग्नातला रुसवा सांगायला घेतला. इकडे माझ्या कपाळावरून घामाच्या धारा, हात लटालटा कापायला लागले, छातीत हलगी वाजायला लागली, ओठ बधिर झाले, आणि मनात जो राग उसळला तो असा, की त्या आजाला थडग्यातून काढून हाणावं. साखर घसरली की असंच होतं, चिडचिड हे तिचं लक्षणच आहे, पण हे त्या चौघांना कोण सांगणार? त्यांनी माझा घाम पाहिला, थरथर पाहिली, तांबडे डोळे पाहिले, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा रुसवा साधा नाही. एक जण घाबरून म्हणाला, “दाजी लई तापले, एका फेट्यात भागत न्हाई आता.” आणि ते मांडवात पळाले.

पुढे सगळं उलटं होत गेलं. माझी साखर जितकी खाली, तितका माझा अपमान मोठा ठरायला लागला, आणि अपमान जितका मोठा, तितकी समजूत मोठी हवी, म्हणून वेळ लागायला लागला. मांडवात बैठक बसली. सभापतींच्या डोक्यावरचा फेटा उतरवून तोच मला बांधावा, असं ठरलं. सभापती आधी तयार होईनात, मग तेही थोडे रुसले, मग त्यांची समजूत काढावी लागली. नुसता फेटा नेणं बरं दिसत नाही म्हणून वाजंत्री बोलावली. वाजंत्री वाजायला लागली म्हणून पोरं नाचायला लागली. मी मान वळवून पाहिलं (रुसलेल्याने वळवायची नसते, पण मान माझी राहिलीच नव्हती), तर मांडवाच्या दारातून नागनाथ डोक्यावर बुंदीचं ताट घेऊन निघालेला, आणि त्याच्यापुढे पोरं नाचून राहिलेली. मिरवणूक एक पाऊल पुढे यायची आणि दोन पावलं मागे जायची. नागनाथ मला एकदा एक दिसायचा, एकदा दोन.

त्या अवस्थेत माझ्यासमोर ती शेळी आली. तिच्यापुढे कुणीतरी टाकलेली पत्रावळ होती आणि पत्रावळीवर बुंदी. मला त्यावेळी ती शेळी वाटलीच नाही. दाढी होती, मान ताठ होती, नजर सगळ्यांवरून फिरत होती. मी तिला सभापती समजलो. हात जोडून म्हणालो, “साहेब, फेटा तुमच्याजवळच राहू द्या, आपल्याला फक्त बुंदी द्या.” बराच वेळ मी तिला माझी बाजू समजावून सांगितली. ती शांतपणे ऐकत होती आणि खात होती. याला भांडण म्हणत नाहीत. याला चर्चा म्हणतात. चर्चेच्या शेवटी मी पत्रावळीकडे हात नेला हे खरं आहे, पण तिथवर तो पोचला नाही, कारण मधेच माझा जबडा कुणीतरी धरला.

प्रयाग होती. तिने रीतभात, वाजंत्री, भाऊ, गाव काही पाहिलं नाही. आचाऱ्याच्या पुढ्यातली साखर ओंजळीत घेऊन पळत आली होती. माझ्या गालफडात साखर कोंबली आणि ओरडली, “आधी हे गिळा म्हंते मी! रुसायचं ते उद्या रुसा!” वाजंत्री थांबली. पोरं थांबली. नागनाथ ताट डोक्यावर घेऊन तसाच उभा. अख्ख्या गावासमोर थोरल्या जावयाचा रुसवा त्याच्याच बायकोने, तोही फेट्याशिवाय, मोडला. साखर विरघळली, वर तिने साखरेचं पाणी पाजलं, पाव तास मला हलू दिलं नाही, मग घरून पिशवीत आणलेल्या साखर मोजायच्या यंत्रावर बोट टोचून पाहिलं, आणि मग वरणभात समोर ठेवला. बाईंनी तिला हे सगळं शिकवलं होतं. माणूस शुद्धीत आहे तोवर साखर, आणि शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, गाडी काढून थेट दवाखाना. मी त्यावेळी दोन्हीच्या मधल्या बांधावर होतो.

मी घाबरलो होतो, प्रेमानंदराव. पण शेळीला सभापती समजलो म्हणून नव्हे, ते नंतर कळलं. साखर तोंडात विरघळल्यावर डोळे स्वच्छ झाले, आणि पहिलं काय दिसलं, तर प्रयागचा हात. साखर संपली तरी तो माझा जबडा सोडत नव्हता. इतक्या लग्नांत मी पाठ करून बसलो, त्या वेळी ही बाई मागे कुठे उभी असायची, काय करायची, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पाठ केलेली असली की दिसत नाही.

खाजा मियांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवून एवढंच म्हटलं, “किसनभाऊ, सुई लेके रुसना नक्को.” मी विचारलं, आणि रुसून सुई घेतली तर? म्हणाले, “खाना सामने हो तो खाके रुसो, तुम्हारेकू कौन रोका?” तेव्हापासून मी आधी जेवतो. इन्सुलिनचा यात काडीचा दोष नाही, हे मात्र लिहून ठेवतो. त्याने आपलं काम चोख केलं. मानपान त्याला कळत नाही, आणि कळायची त्याला गरजही नाही.

असो. माझ्यावरचा शेळीचा आळ एवढ्याने फिटला असं समजतो. थोरांना दंडवत, मिनाला आशीर्वाद, दुकानात बसून ऊन लागू देऊ नये.

तुमचा थोरला साडू,
किसनराव

ता. क. इन्सुलिनबद्दल अवाक्षर काढणार नाही म्हणालो होतो, ते वरच्या सहीपर्यंतच होतं. मिनाचा परवा फोन आला. बोलत कमी होती, रडत जास्त. तुमची पँट आता सुतळीने बांधावी लागते, रात्रीतून पुष्कळदा उठता, पायाच्या बोटाची जखम महिना झाला सुकत नाही, आणि लग्नाच्या दिवशी खताची गाडी वगैरे काही आली नव्हती, तुमच्याच्याने एसटीपर्यंत चालवत नव्हतं. ‘इन्सुलिन सुरू झालं म्हणजे माणूस संपला’ असं तुम्ही तिला सांगता म्हणे. कोणी सांगितलं तुम्हाला? मी संपलेला दिसतो का? दिवसभर गिऱ्हाइकांना ओरडता, की खताचा बेसल डोस पेरणीबरोबर, वरचा डोस पीक बघून, वेळ चुकली की पीक गेलं. तुमच्या स्वतःच्या पिकाला मात्र कारल्याचा रस.

आणखी एक. तुम्हीही रुसलात, हे माझ्या लक्षात आलं आहे. या विषयात माझ्याएवढा अनुभव आपल्या सोयऱ्यांत कुणाला नाही, म्हणून सांगतो. रुसवा तिथेच धरावा, जिथे समोरचा समजूत काढायला येईल. साखर येत नाही. तिला सासर नाही, माहेर नाही, ती तांब्या घेऊन दारात उभी राहत नाही. आणि मिना काही प्रयाग नाही. तिचा तुमच्यासमोर आवाज निघत नाही. ती ओंजळ घेऊन पळत येणार नाही, दाराआड उभी राहून रडेल, आणि तुमची पाठ तिच्याकडे असेल.

शेवटचं. पोस्टाने टाकलं तर पत्राआधी मीच पोचेन, म्हणून कंडक्टरच्या हाती देतो आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीने मी येतो. समजूत काढायला. आजवर माझीच निघत आली, दुसऱ्याची कशी काढतात ते मला येत नाही, त्यामुळे तीन विनवण्यांची वाट बघू नका, पहिल्यालाच हो म्हणा. वसमतच्या बाईंनी तुमच्या डॉक्टरांशी बोलायचं कबूल केलं आहे, कोणतं कधी आणि किती, ते तेच सांगतील. माझ्यासाठी खुर्ची टाकू नका, पाणी विचारू नका, जावई म्हणून तर काहीच करू नका. तुमचं पेन फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं असेल तर ते गोठून वाया गेलं, नवीन आणू. खालच्या कप्प्यात असेल, तर मी येण्याआधी थोडं बाहेर काढून ठेवा. गारेगार टोचलं की झोंबतं, आणि पहिल्या दिवशी तुम्हाला झोंबू नये असं मला वाटतं.